अंदाजाच्या आत

केंद्रात त्याला सगळे ज्योतिषी म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. कोणी तोंडावर म्हटलं की तो उगाच हात झटकायचा, "गणित आहे हो ते, भविष्य कसलं!" पण एखाद दिवस कोणी म्हटलंच नाही तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. कौतुक लहानपणी मिळालं तर अंगी लागतं. उशिरा मिळालं की माणूस ते अधाशासारखं ओरपतो आणि आणखी कुठे शिल्लक आहे का ते बघत हिंडतो.

केंद्र म्हणजे तीन इमारतींत पसरलेली शेकडो संगणकयंत्रं. ती तारांनी अशी जोडलेली होती की सगळी मिळून एकच अवाढव्य यंत्र असल्यासारखी चालावीत. शहरातल्या कचेऱ्या, कारखाने, कॉलेजं आपापली अवजड गणितं तिथे पाठवत. एकेका गणिताला जॉब म्हणत. पूर्वी कारभार साधा होता, आधी येईल त्याचा नंबर आधी. मग व्हायचं काय, एखादा दांडगा जॉब आठवडाभर पाय पसरून बसायचा, त्याच्यामागे बारीकसारीक जॉब ताटकळायचे, आणि तिसऱ्या इमारतीतली यंत्रं माशा मारत बसायची. रोज कोणी ना कोणी फोनवर खेकसायचं.

ज्योतिष्याने यावर तोड काढली. त्याचा प्रोग्रॅम प्रत्येक नवा जॉब बघायचा, त्याच माणसाचे आधीचे जॉब किती वेळ चालले ते आठवायचा आणि सांगायचा, याला एवढा वेळ लागेल. त्या अंदाजावरून ठरायचं, कोणाला कुठली यंत्रं द्यायची आणि कोणाला कुठल्या फटीत बसवायचं. अर्ध्या वाटेवर प्रोग्रॅम पुन्हा डोकावायचा. जॉब रखडतोय, सांगितलेल्या वेळेत उरकायचा नाही असं दिसलं, की तिथल्या तिथे बंद. त्या धंद्यात याला जॉब मारणं म्हणतात. शब्द कानाला वाईट लागतो, पण रोज वापरला की कुठलाही शब्द गुळगुळीत होतो. मारायचाच आहे तर उशिरा कशाला, यंत्रांचा वेळ तरी वाचेल, असा त्यामागचा विचार होता. दाराशेजारच्या पडद्यावर सतत एक आकडा झळकत असे, शंभरातले किती जॉब सांगितलेल्या वेळेच्या आत आटोपले. तो नव्वदच्या वर गेला त्या दिवशी संचालकांनी सगळ्यांना केक खाऊ घातला.

"ज्योतिषीबुवा," यंत्रांची खोली थंड ठेवणारा मिस्त्री तोंडातला केक सांभाळत म्हणाला, "आमच्या सासूबाई आल्यात. कधी जातील तेवढं सांगा."

"मागच्या वेळी किती राहिल्या?"

"दोन आठवडे."

"मग दोन आठवडे."

"अहो, मागच्या वेळी त्या आपण होऊन कुठे गेल्या? भांडून घालवल्या आम्ही!"

"मग तो आकडा कसा धरता येईल?" ज्योतिषी म्हणाला, आणि सगळे पोट धरधरून हसले. तोही हसला. या हसण्यात त्याच्या प्रोग्रॅमचं सगळं पाप त्याच्याच तोंडून बाहेर पडलं होतं, पण कौतुकाच्या दिवशी कोण स्वतःचं बोलणं ऐकतो?

घरी त्याला छोट्या म्हणत. ताई त्याच्यापेक्षा बरीच मोठी आणि हुशार. हुशार म्हणजे बाकीच्यांना त्रास व्हावा इतकी. गणितात त्याने एखादी पायरी गाळली की ती त्याचा कान पिळायची आणि म्हणायची, "उत्तर बरोबर आलं म्हणून काय झालं? आलं कसं ते दाखव." आईच्या तोंडी एकच पालुपद असायचं, "जरा ताईकडे बघून शीक." शाळेत, जेवताना, पाहुण्यांसमोर, आजारी असताना अंथरुणातसुद्धा. तो ताईकडे बघायचा आणि आतल्या आत धुमसायचा. त्याला दूध आवडत नसे. अर्धा पेला उरला की आई ओरडणार, म्हणून आईची पाठ वळली की ताई तो उचलायची आणि गटागटा पिऊन टाकायची. मग रिकामा पेला त्याच्यापुढे ठेवायची. या उपकारासाठीही त्याने तिला कधी माफ केलं नव्हतं.

ताई आता भूजल विभागात होती आणि आईबरोबर टेकडीखालच्या वसाहतीत राहत होती. टेकडीवर पूर्वी बॅटऱ्यांचा एक कारखाना होता. तो बंद पडला, मालक पसार झाले, आणि जाताना विषारी गाळ खड्ड्यांत पुरून गेले. खाली वसाहतीत नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार यायची. म्हणून टेकडीच्या पायथ्याशी नव्या खोल विहिरी खणायचं घाटत होतं. सगळी वसाहत त्या विहिरींकडे डोळे लावून बसली होती, आईसुद्धा. ताईला फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, ते विष जमिनीतून झिरपत त्या विहिरींपर्यंत पोचेल की नाही. त्यासाठी तिने टेकडीची माती वर्षानुवर्षं ठिकठिकाणी उकरून तपासली होती आणि त्यावरून टेकडीचं गणिती मॉडेल बांधलं होतं. खड्ड्यांखाली चिकणमातीचा जाड थर होता. त्यातून पाणी मुरायला युगं लागतात, म्हणून केंद्रात पाठवलेला तिचा जॉब सुरुवातीला मुंगीच्या पावलांनी चालायचा. चिकणमाती ओलांडली की पुढे नुसती रेती, मग तो सरसर धावणार होता.

धावण्याइतका तो जगलाच नाही.

एका दुपारी ताई केंद्रात आली. खुर्चीच्या टोकाशी बसली, पिशवी मांडीवर धरून, साहेबाकडे काम घेऊन आलेल्या माणसासारखी.

"छोट्या, माझा जॉब मरतोय रे."

"मरतात जॉब," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"ते कळलं. पण दर वेळी आधीपेक्षा लवकर मरतोय. पहिल्यांदा निदान चिकणमातीच्या मध्यापर्यंत जाऊ दिलं. आता तर धड सुरुवात होत नाही तोवर मान मुरगळतात." ती जराशी हसली. "मी सगळं दोनदा तपासलं. तरी काहीतरी माझंच चुकत असणार. तू बघतोस का? तुला यातलं जास्त कळतं."

हे वाक्य ऐकायला तो जन्मभर थांबला होता, आणि ते असं सहज, पिशवीतून भाजी काढून द्यावी तसं तिने काढून दिलं. त्याने मुद्दामच आधी टेबलावरचे कागद नीट लावले. मग म्हणाला, "ठेवून जा. वेळ मिळाला की बघतो." वेळ त्याच्याकडे भरपूर होता.

ती गेली आणि त्याने तिच्या जॉबचा मागचा प्रवास उघडला. थोडं खाली गेला आणि त्याचे कान तापले. पहिल्यांदा प्रोग्रॅमने तिला पुरेसा वेळ दिला होता. अर्ध्या वाटेवर डोकावला, जॉब चिकणमातीत रखडलेला दिसला, म्हणून मारला. इथवर ठीक. पण मारल्यावर प्रोग्रॅमने अशी नोंद धरली की जॉब एवढ्या वेळात *संपला*. म्हणून पुढच्या वेळी तेवढाच वेळ दिला, म्हणजे निम्मा. त्याच्याही निम्म्यावर पुन्हा डोकावला आणि पुन्हा मारला. मग त्याच्याही निम्मा. आपण होऊन गेलेली सासू आणि भांडून घालवलेली सासू यांत त्याचा प्रोग्रॅम फरकच करत नव्हता. आणि दाराशेजारचा तो आकडा? मारलेले जॉबही त्यात 'वेळेच्या आत आटोपले' म्हणून जमा होत होते. जे जॉब त्याला खोटं पाडू शकले असते त्यांना तो आधीच मारत होता, आणि वर आपल्या यशात मोजत होता.

दुरुस्ती एका ओळीची होती. त्याने ती लिहिलीसुद्धा. मग पुसली. कारण ओळ घातली की आकडा धाडकन खाली येणार, आणि दुसऱ्या केंद्रांची मंडळी त्याचा प्रोग्रॅम बघायला यायची होती. संचालकांनी कालच त्याच्या पाठीवर थाप मारली होती, "ज्योतिषी, आता तुमचं नाव सगळीकडे!" त्याने स्वतःची समजूत घातली की पाहुणे येऊन जाऊ देत, मग गुपचूप ओळ घालू. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. माणूस स्वतःशी खोटं बोलताना नेहमी चार दिवसच मागतो.

त्याने ताईला फोन लावला.

"बघितलं गं मी. यंत्रांचं काही नाही. तुझं मॉडेलच फार जड झालंय."

"जड म्हणजे?"

"इतके बारीक थर कशाला हवेत? जाड कर. चिकणमाती आणि रेती वेगळी ठेवायची काय गरज आहे? दोन्हींची सरासरी काढ."

"म्हणजे पायऱ्या गाळू?"

"सगळे गाळतात, ताई."

ती आता भांडेल, दाखव म्हणेल, म्हणून तो तयारीत राहिला. दाखव म्हणाली असती तर त्याला दाखवावंच लागलं असतं. ताईपुढे खोटं बोलणं त्याला समोरासमोर कधीच जमलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणतोस तर करते."

तिने थर जाड केले. जॉब मेला. तिने टेकडीची एक बाजू काढून टाकली. जॉब मेला. पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला फरक काढला, तरी मेला. वर्षानुवर्षं जे एकेक करून जमवलं होतं ते ती एकेक करून उपटत होती, आणि रोज संध्याकाळी त्याला फोन करून सांगत होती, आज हेही काढलं रे. तो "हां, आता होईल" म्हणायचा. शेवटी चिकणमाती आणि रेती एकत्र कालवली तेव्हा उरलेलं लुळंपांगळं मॉडेल अंदाजाच्या आत बसलं. उत्तर आलं, विष विहिरींपर्यंत पोचत नाही.

आणि नेमकी तेव्हाच विहिरींना परवानगी देणाऱ्या समितीची बैठक लागली. दुसऱ्या केंद्रांची मंडळी अजून यायची होती. बोलावणं ज्योतिष्यालाही आलं, कारण ताईने त्या उत्तरावर सही करायला नकार दिला होता.

समितीच्या अध्यक्षबाई वाईट नव्हत्या, नुसत्या थकलेल्या होत्या. वसाहतीतले लोक रोज त्यांच्या दारात येऊन बसत.

"बाई," त्या ताईला म्हणाल्या, "तुमचंच मॉडेल पोचत नाही म्हणतंय. मग घोडं अडलं कुठे?"

"हे माझं मॉडेल नाही. ते कापूनकुपून उरलेलं आहे. पूर्ण मॉडेल काय म्हणतं ते मला माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय मी कोणालाही ते पाणी पाजणार नाही."

"मग पूर्ण चालवा."

"केंद्रात ते चालत नाही."

अध्यक्षबाई ज्योतिष्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. यांचा पूर्ण जॉब कधीतरी संपला असता का?"

खोलीत पाच-सहा माणसं होती. संचालक त्याच्या शेजारी पेन फिरवत बसले होते. समोर ताई होती, आणि ती त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत शंका असती तर बरं झालं असतं. तिच्यात नुसती उत्सुकता होती. आपल्यापेक्षा जास्त कळणाऱ्या माणसाकडून उत्तर ऐकायचं म्हणून ती कान देऊन बसली होती. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. चार दिवस थांबा, चूक आमची आहे, एवढं पुरलं असतं. त्याला ते शब्द जिभेवर आलेले जाणवलेसुद्धा. मग शेजारचं पेन फिरायचं थांबलं.

"नाही," तो म्हणाला. "तो जॉब संपणारा नव्हता."

"म्हणजे मॉडेलच सदोष?"

"ते मी कसं म्हणू? मी एवढंच सांगतो की आमचा अंदाज शंभरात नव्वदांच्या वर खरा ठरतो."

एवढं बोलायची गरज नव्हती. पहिल्या शब्दाने ताईचा पाय मोडला होता, हा दुसरा केवळ हौसेचा होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्याच्या अंगावरून, शरम वाटायच्या आधी, सुखाचा काटा सरसरत गेला. हे त्याला नंतर आठवत राहिलं. आधी सुख आलं होतं.

ताईच्या वरिष्ठाने तिच्याऐवजी सही केली. सदोष मॉडेलवर इतकी वर्षं घालवली म्हणून तिला जुने नकाशे सांभाळायच्या खोलीत बसवलं, तिथे तिला कोणी काही विचारायला जाण्याची भीती नव्हती. बैठकीनंतर बाहेरच्या व्हरांड्यात ती त्याच्यासाठी थांबली होती.

"मला मेलीला वाटत होतं, चिकणमाती ओलांडली की धावेल," ती म्हणाली. "वेडी आशा. तू म्हणालास म्हणजे नसणारच." मग तिने त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली. "छान बोललास हो. आईला सांगते."

पाहुणे आले, आकडा बघून खूश झाले, प्रोग्रॅम घेऊन गेले. ते गेल्यावर त्याने स्वतःशी ठरवल्याप्रमाणे ओळ घातली. आकडा घसरला. संचालकांनी विचारलं तर म्हणाला, नवे लोक काहीतरी विचित्र जॉब पाठवतायत, होईल ठीक. ते हो म्हणाले. इतकं सोपं होतं ते. हे कळल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली, पण किळस येऊन माणूस जेवायचा थांबत नाही, आणि तोही थांबला नाही.

काही महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी दुपारी केंद्रात चिटपाखरू नव्हतं. ताईने 'तू बघ' म्हणून दिलेलं पूर्ण मॉडेल अजून त्याच्याकडे होतं. सगळे थर, टेकडीच्या सगळ्या बाजू, पावसाळे, उन्हाळे. अर्ध्या वाटेवरचं डोकावणं तेवढ्यापुरतं बंद करून त्याने ते चालवायला टाकलं. सुधारलेल्या प्रोग्रॅमने एका क्षणात अंदाज सांगितला, आणि तो अंदाज काही फार मोठा नव्हता. पुढच्या सुट्टीच्या संध्याकाळपर्यंत उरकला असता.

आठवडाभर तो इतर कामं करत राहिला आणि चोरून तिकडे बघत राहिला. चिकणमातीत जॉब मुंगीसारखा चालला होता, ताई म्हणाली होती तसाच. पडद्यावर टेकडीचा उभा छेद दिसायचा, वर खड्डे, खाली विहिरी, आणि खड्ड्यांखाली हळूहळू वाढणारा तांबडा डाग. पुढची सुट्टी आली. तो सकाळीच येऊन बसला. दुपारी डाग चिकणमातीच्या तळाशी टेकला. मग रेतीत शिरला आणि खरोखरच धावत सुटला.

ताईचं बरोबर होतं. ते मॉडेल संपणार होतं. आता ते काय म्हणणार तेवढंच उरलं होतं. डाग विहिरींच्या अलीकडे थांबला तर त्याने बहिणीला फुकट बुडवलं. आणि नाही थांबला तर? विहिरींचं पाणी सुरू होऊन महिना उलटला होता. कळल्यावर सांगावं लागलं असतं. न कळलेलं कोण सांगणार? डाग उतारावरून खाली येत होता, विहिरी जवळ येत होत्या. त्याने हात पुढे केला आणि जॉब मारला. या वेळी प्रोग्रॅमने नाही, त्याने.

हाताने जॉब मारला की केंद्राच्या रिवाजाप्रमाणे कारण लिहावं लागे. त्याने लिहिलं, 'अंदाजापेक्षा जास्त वेळ.' मग ताईचं मॉडेल पुसून टाकलं आणि यंत्रखोलीचं दार नीट लागलंय ना ते बघून घरी गेला.

त्यानंतरच्या रविवारी, पाणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, तो आईकडे जेवायला गेला. आई दारातच उभी होती, चेहरा नुसता फुललेला.

"ये, ये! आधी ही गंमत बघ." तिने त्याला हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडला. मनगटाएवढी धार पडली. "दिवसभर, छोट्या! जन्मात असं पाणी बघितलं नाही मी. सगळे म्हणतात, तुमच्या मुलाने त्या समितीत शब्द टाकला म्हणून झालं."

"तसं काही नाही गं."

"कसं नाही? आणि ही एक." आईने ताईकडे हात केला. ताई टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. "इतकी वर्षं नुसती माती उकरत बसली आणि शेवटी चांगल्या कामात आडवी आली. एवढी शिकलीस, काय उपयोग? जरा छोट्याकडे बघून शीक!"

हे आलं एकदाचं. लहानपणापासून तो या वाक्याची वाट बघत होता, आणि ते त्याने उभ्या उभ्या, नळ वाहत असताना, नीट ऐकलं. ताई शेंगा सोलता सोलता हसली. तिला राग आलेला दिसत नव्हता. आईचं तिला पटलेलं होतं.

आईने पेला भरून त्याच्यापुढे ठेवला. "घे, थंडगार आहे बघ."

"नको. तहान नाही."

"इतक्या उन्हातून आलास आणि तहान नाही? पी म्हणते ना!"

"नको गं आई."

आई काहीतरी पुटपुटत चुलीकडे वळली. ताईने तिच्या पाठीकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघून डोळा बारीक केला, लहानपणी करायची तसा. पेला उचलला आणि गटागटा पिऊन टाकला. मग रिकामा पेला आवाज न करता त्याच्यापुढे ठेवला.